आमचे येथे श्रीकृपेकरून घोंगडी मिळतील

पुरणाचं पातेलं खाली उतरवून विजयमालेनं पदरानं कपाळ टिपलं, तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. रविवार, सकाळचे नऊ, अधिक महिना, आणि ऊन असं की नवी पेठेतली कुत्रीसुद्धा दुकानांच्या पायऱ्यांखाली शिरलेली. असल्या दिवसांत घोंगडं कोण मागतंय, असं पुटपुटत तिनं फोन कानाला लावला.

"नमस्कार, महाबळेश्वरहून बोलतेय. हॉटेलच्या घोंगड्यांसाठी मागे फोन केला होता बघा. तुमची वेबसाइट उघडली आत्ता. तुमच्याकडे लग्न आहे का?"

"न्हाय ओ ताई."

"नाही, एकदम ढोल वाजायला लागले. वर बिरोबा प्रसन्न, खाली नावंच नावं. मला वाटलं चुकून कुणाची पत्रिका उघडली. घोंगडी दिसायला बोट दुखेपर्यंत खाली जावं लागलं. आणि आता ते मुहूर्त विचारतंय. मुहूर्त भरल्याशिवाय पुढेच जात नाही."

"मुहूर्त म्हंजे तुमाला माल कधी पायजे ते," विजयमाला म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

बाई हसल्या. भल्या होत्या. "मला आवडलं हो तुमचं सगळं. पण उद्या दुपारी मालकांना दाखवायचंय. चाळीस खोल्यांचा विषय आहे. ते एक मिनिट बघतील आणि बंद करतील. तोवर जरा नीटनेटकं होईल का?"

"व्हतंय की," विजयमालेनं सांगून टाकलं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण काय कबूल करून बसलो.

'ज्ञानबा लवटे घोंगडीवाले' ही साइट दोन वर्षांपूर्वी बनवली होती ती संगमेशनं, म्हणजे विजयमालेच्या नणंदेच्या, दुर्गाच्या नवऱ्यानं. त्याची दुधनीत प्रेस आहे. मराठी आणि कन्नड लग्नपत्रिका छापण्यात त्या भागात त्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि साइट कशी करायची हे तो मोबाइलवर बघून बघून शिकला. मग जे व्हायचं तेच झालं. सोनेरी वेलबुट्टी, दोन्ही कोपऱ्यांत गणपती, आणि मधोमध ठळक अक्षरांत 'आमचे येथे श्रीकृपेकरून शुद्ध लोकरीची घोंगडी मिळतील'. ऑर्डरचा फॉर्मही प्रेसच्या वहीतला. वधू-वर काढले, मुहूर्त राहिला. सगळ्यात तळाशी दोन फुलांच्या मध्ये 'आमच्या आजोबांच्या दुकानाला यायचं हं! – कु. ओवी'.

या शेवटच्या ओळीपायी विजयमालेच्या लेकीनं, ओवीनं, पुण्याच्या कॉलेजात काय काय सोसलं ते तिचं तिला ठाऊक. ती तिथं हेच शिकत होती, साइट कशी असावी, माणसाला ती वापरता कशी यावी. सुट्टीला आल्या आल्या तिनं दुकानात आलेल्या पाच गिऱ्हाइकांच्या हातात मोबाइल दिला होता आणि म्हणाली होती, यावरून घोंगडं मागवून दाखवा. पाचातल्या एकालाही जमलं नाही. एका मास्तरांनी मुहूर्ताच्या रकान्यात 'गोरज' असं लिहिलं. फोन नंबर चित्रात होता, त्यामुळं त्यावर कितीही टिचक्या मारल्या तरी फोन लागायचा नाही. तेव्हापासून पंधरा दिवस खपून तिनं नवी साइट तयार केली होती. पांढरीशुभ्र, मोकळी, उघडल्याबरोबर घोंगडं. पण ती लोकांपुढं आणायची तर जुन्या साइटच्या किल्ल्या हव्यात, आणि किल्ल्या संगमेशकडे. सगळं त्याच्या नावावर, त्याच्या मोबाइलला जोडलेलं.

आणि संगमेश आज जेवायला येणार होता. धोंड्याचं जेवण, जावयाचा मान.

"मग आजच विचारू की," श्रीमंत दारातून म्हणाला. विजयमालेचा नवरा, घरातला कर्ता मुलगा, पण कुठलीही गोष्ट दारात उभं राहूनच बोलायचा, म्हणजे मागं सरायला बरं. "आयतं येतायत. जेवण झालं की इशय काडू."

"कोण काडणार?"

"तू काड. तुला वयनी म्हणतात ते."

"आणि तुमी?"

"मी पान लावतो."

चुलीपुढं बसलेल्या सासूनं, मायाक्कानं, हातातला पुरणाचा धोंडा तसाच परातीत ठेवला. "कुणी काय बी काडायचं न्हाय. आट वर्सं झाली त्या पोराला या घरचा जावई होऊन. पहिला अधिक आला तवा लॉकडाऊन होतं, निमित्त घावलं. दुसऱ्या अधिकात निमित्तसुदिक कुणी शोधलं न्हाय. तुमचा बाप गप, म्हणून तुमी गप. औंदा मी बोलावलंय. आज त्याच्याम्होरं त्या सायटीचं नाव जरी काडलंसा तर या घरात धोंडं शिजायचं न्हाईत परत."

"आजी, पण उद्या दुपारपर्यंत..." ओवी म्हणाली.

"त्या बाईला सांग, आमच्यात आज जावई हाय."

विजयमाला मधल्या मधे सापडली. महाबळेश्वरला शब्द दिलेला तिनं, रोज फोन घ्यायची ती, मुहूर्त म्हणजे काय हे दिवसातून चार वेळा समजावून सांगायची तीच. आणि सासूचंही खरं होतं. दुर्गानं रजिस्टर लग्न केलं, लिंगायताच्या घरात गेली, तेव्हा सासऱ्यानं, ज्ञानबानं, तीन वर्षं मुलीचं नाव घेतलं नव्हतं. पुढं नाव घ्यायला लागला, पण जावयाला अजून 'दुधनीवाले' म्हणायचा, जसा काही तो कुठला व्यापारी. या घरात संगमेशला दार उघडलं ते साइटनं. साइट करायच्या निमित्तानं तो येऊ लागला, चहा घेऊ लागला, दुकानाच्या गादीच्या कडेला टेकू लागला. ती साइट काढून घ्यायची, आणि तीही पहिल्या मानाच्या दिवशी, हे तिला कसंतरीच वाटत होतं.

"जेवण होऊ दे," ती ओवीला हळूच म्हणाली. "सांजच्याला मी बोलते."

ओवीनं मान हलवली. पण ही पोरगी आजोबांवर गेलेली. मान हलवणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं होती.

*

दुधनीहून येणाऱ्या गाडीत संगमेशनं मोबाइल तिसऱ्यांदा दुर्गापुढं धरला. "परत एकदा बघ की."

पडद्यावर डाव्या बाजूनं एक मेंढी आली, मग दुसरी, मग अख्खा कळप. सगळी उड्या मारत उजवीकडं गेली आणि मागून एक कुत्रं पळालं. त्यानंतर अक्षरं उमटली, 'ज्ञानबा लवटे घोंगडीवाले'.

"लई ग्वाड दिसतंय," दुर्गा म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. आठ दिवस प्रेसचं काम बाजूला ठेवून तो त्या मेंढ्यांच्या मागं लागला होता. "आबांना दाखवणार?"

"मामांना आवडंल काय की. मेंढरं हायत म्हणून तरी बघतील." त्यानं नव्या शर्टाची कॉलर सारखी केली. "दुर्गा, मामा आज काय म्हणतील मला?"

"काय म्हणतील म्हंजे?"

"म्हंजे हाक. दुधनीवालेच म्हणतील का?"

तो हसत बोलला म्हणून ती पण हसली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. आठ वर्षांत तिनं त्याला एकदाही तक्रार करताना ऐकलं नव्हतं. तक्रार केली असती तर तिला सोपं गेलं असतं.

दारात विजयमालेनं दोघांच्या पायांवर पाणी घातलं. मायाक्कानं ओवाळलं. बैठकीत चौरंगाऐवजी घडी घातलेलं काळं घोंगडं अंथरलं होतं, ज्ञानबाच्या स्वतःच्या हातचं, गावच्या मागावर विणलेलं. त्यावर बसायला संगमेश बिचकला. "बसा की, जावयबापू," मायाक्का म्हणाली, तेव्हा तो कडेला बसला.

"या," ज्ञानबा म्हणाला. एवढंच. पण फेटा नवा होता त्याचा, ते संगमेशनं पाहिलं.

पान वाढलं गेलं. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, कटाची आमटी, कुरडई. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि मध्ये दिवा. मायाक्कानं ते ताट जावयाच्या हातात द्यायला उचललं, आणि संगमेशच्या खिशातला मोबाइल टिंग करून वाजला.

त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. ताट धरायला दोन्ही हात पुढं केले. परत टिंग. पाठोपाठ आणखी एकदा.

"बघा की, प्रेसचं काय असंल," श्रीमंत म्हणाला.

संगमेशचे हात गुंतलेले म्हणून दुर्गानंच त्याच्या खिशातून मोबाइल काढला. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. "तुमच्या सायटीचा पासवर्ड बदलायला ओटीपी आलाय. तीनदा." तिनं वर पाहिलं. "कोण बदलतंय?"

आतल्या खोलीत लॅपटॉपचं झाकण पडल्याचा आवाज झाला. ओवीची बिचारीची समजूत अशी, की साइट दुकानाची आहे तर ओटीपी दुकानाच्या फोनवर येईल आणि कुणाला काही न सांगता काम उरकेल. तिला खरंच कुणाचं मन मोडायचं नव्हतं, फक्त सोमवार गाठायचा होता.

ती दारात आली. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. मग ती आईकडं बघायला लागली, आई श्रीमंतकडं, आणि श्रीमंत वर पंख्याकडं.

दुर्गाला समजायला वेळ लागला नाही. माहेर तिचंच होतं; इथं कोण कुणाकडं बघतं याचा अर्थ ती पाळण्यापासून ओळखत होती.

"म्हणून बोलावणं व्हय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "आट वर्सांत आठवण आली न्हाय, आणि आजच कशी आली ती बघा. जावयाला जेवाय बोलावलंय का त्याच्या ओटीपीला?"

"दुर्गे, तसं न्हाय गं," मायाक्का म्हणाली. "बोलावणं माजं हाय."

"वयनी, तुमी सांगा. तुमी खोटं बोलत न्हाईसा. ठरलं हुतं का न्हाय आज इचारायचं?"

विजयमालेच्या हातात तुपाचं भांडं होतं. ते तिनं खाली ठेवलं. "ठरलं हुतं. सांजच्याला. मीच इचारणार हुते."

दुर्गा उठली. "चला ओ. अडीचला गाडी हाय."

संगमेश घोंगड्यावर बसूनच होता, हातात अनारशांचं ताट, मध्ये दिवा जळतोय. तो दिवा विझू न देता उठायचं कसं, हेच त्याला कळत नव्हतं. साइटचं दुःख त्याला नव्हतं असं नाही. पण त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की आता इथं यायला निमित्त काय उरलं?

"ओवी," तो म्हणाला, "काय चुकलंय गं माज्या सायटीत?"

ओवीचे डोळे भरले. "काका, काही नाही चुकलं."

"असं नगं. प्रूफ वाचताना खोटं बोलायचं नसतंय. मग पत्रिका चुकीची जाती सगळ्या गावात."

*

ज्ञानबा त्या 'या'नंतर एक शब्द बोलला नव्हता. न बोलण्याचा त्याला सराव होता, आणि त्यात आपलं काहीतरी वजन आहे असाही त्याचा समज होता. पण आता लेक उंबऱ्याकडं निघाली होती. आठ वर्षांपूर्वी ती अशीच, याच उंबऱ्यावरून गेली होती. तेव्हाही तो गप्प बसला होता.

"थांब," तो म्हणाला. "आदी काय काडायचं ते बघूया तरी. आलोच मी."

तो जिना उतरून खाली दुकानात गेला. गादीच्या मागं भिंतीवर एक मोठा पुठ्ठा लटकवलेला होता. ज्ञानबाला मोबाइलवर साइट बघता यायची नाही, म्हणून संगमेशनं तिचं पहिलं पान जाड कागदावर छापून, वर प्लास्टिक चढवून आणून दिलं होतं. दोन वर्षं ज्ञानबा त्यावरची धूळ रोज सकाळी स्वतः पुसायचा. गिऱ्हाइकाला दाखवायचा. जावयाबद्दल अवाक्षर न काढता जावयाचं काम मिरवायचा; माणसाच्या हट्टाला कुठून वाट फुटेल सांगता येत नाही.

पुठ्ठा घेऊन तो वर आला आणि खुर्चीत बसला. चष्मा लावला. "ओवी, तुज्या नव्या सायटीत ही नावं न्हाईत?"

"नाहीत, आबा. माणूस घोंगडं बघायला येतो. चौदा नावं झाल्यावर पहिलं घोंगडं दिसतं."

"मग वाचून तरी घेऊ द्या. पुसायच्या आदी एकदा." आणि तो बोट ठेवून वाचायला लागला. "ज्ञानबा बिरू लवटे. सौ. मायाक्का. श्रीमंत. सौ. विजयमाला."

यातली निम्मी नावं ज्याच्या त्याच्या रुसव्यानं आत आली होती. साइट होतेय हे कळल्यावर गावाकडचे चुलते फोनवर फोन करत होते, आमचं नाव हाय न्हवं? संगमेशनं एकालाही नाही म्हटलं नव्हतं. श्रीमंतनं मेव्हण्यांच्या वतीनं सांगितलं, मायाक्कानं माहेरच्यांच्या. ज्ञानबा वाचत गेला. भाऊ, भावजया, पुतणे. "दुर्गा," त्यानं वाचलं आणि थांबला. "नुसतंच दुर्गा? म्होरं आडनाव का न्हाय?"

त्याचं बोट खाली सरकलं. कु. ओवी. आणि चौदावं नाव 'चांद्या (राखणदार)'. चांद्या म्हणजे गावाकडचं मेंढरांचं कुत्रं. ते नाव घालायला ज्ञानबानंच लावलं होतं, हौसेनं.

त्यानं पुठ्ठा उलटा करून पाहिला. मागं कोरा होता. मग परत सुरुवातीपासून बोट फिरवलं, या वेळी न बोलता.

"तुमचं नाव कुटं हाय?" त्यानं विचारलं.

संगमेश कसनुसा हसला. "न्हाय मामा."

"का न्हाय?"

"आमच्या प्रेसमदी एक नियम हाय, मामा. पत्रिकेवर कुणाचं नाव घालायचं ते यजमान सांगतो. छापणाऱ्यानं आपल्या मनानं घालायचं नसतंय." जरा थांबून तो म्हणाला, "तुमी सांगितलं न्हाईसा. म्हणून दुर्गाच्या म्होरं माजं आडनाव बी न्हाय घातलं. उगं तुमाला अवघड नको."

ज्ञानबानं चष्मा काढला. दोन वर्षं रोज धूळ पुसली, गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं, आणि एकदाही लक्षात आलं नाही. कुत्र्याचं नाव घालायला सांगितलं तेव्हा हा माणूस समोर बसून टाइप करत होता. काहीही न बोलता त्यानं 'राखणदार' असा शब्द स्वतःहून कंसात घातला होता, सुंदर दिसावं म्हणून. ज्ञानबाला स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्याला उभ्या आयुष्यात फार वेळा वाटलेली नव्हती, त्यामुळं ती लपवायची कशी हेही त्याला येत नव्हतं.

"दुर्गे, बस," तो म्हणाला. "तुज्या आईनं बोलावलं ते जेवायलाच. ही ओटीपीची अक्कल या पोरांची. पण खरी चूक माजी हाय, त्यांची न्हाय. बस."

दुर्गा बसली नाही, पण उंबऱ्यावरून दोन पावलं आत आली.

अनारशांचं ताट संगमेशनं खाली ठेवलं. "वयनी, धोंडं जरा राहू द्या. ओवी, आन तुजं प्रूफ."

ओवीनं लॅपटॉप आणून घोंगड्यावर त्याच्याजवळ ठेवला. त्यानं पाहिलं, बराच वेळ. वर खाली केलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. कामात शिरलेल्या माणसाचा होतो तसा झाला. "चांगलं हाय," तो म्हणाला. "लई चांगलं हाय. पत्रिका हातात घेतली की माणूस तीनच गोष्टी बघतो. कुणाचं हाय, कवा हाय, कुटं यायचं हाय. बाकी सगळं यजमानाच्या मानासाठी असतंय. मला ठावं हुतं हे. तरी सगळा मानच छापला मी."

"काका..."

"ऐक की. आता तुजं काय चुकलंय ते सांगतो. अक्षर बारीक. करडं. मामांच्या वयाच्या माणसाला दिसायचं न्हाय. आणि ह्या ओळी इतक्या चिकटून का? वरच्या वेलांट्या कापल्या जातायत बग. मराठीला वर खाली जागा लागती, कन्नडला त्याच्याहून जास्त. आणि ह्या तीन रेघा कशाच्या?"

"ते दाबलं की यादी उघडते."

"आत्ती, ह्या रेघा बघून तुमाला काय वाटतं?" त्यानं लॅपटॉप मायाक्काकडं वळवला.

मायाक्कानं नीट निरखून पाहिलं. "रांगोळी काडायची राहिली वाटतंय."

विजयमाला फसकन हसली, मग श्रीमंत, आणि शेवटी दुर्गालाही हसू फुटलं. ओवीनं तिथल्या तिथं रेघा काढल्या आणि त्या जागी अक्षरांत लिहिलं, 'सगळी घोंगडी बघा'. अक्षर मोठं केलं. काळं केलं. ज्ञानबानं सुचवलं की मापं हातात सांगा, चार हात, सहा हात, आणि कंसात फूट. विजयमालेनं सांगितलं, पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की टोचतं का, तर त्याचं उत्तर आधी लिही. सगळं कुटुंब त्या घोंगड्याभोवती गोळा झालं, आणि मधोमध संगमेश मांडी घालून व्यवस्थित बसलेला, आता कडेला नाही. मुहूर्ताचा रकाना गेला तेव्हा श्रीमंतनं हळहळ व्यक्त केली, त्याला तो आवडायचा.

"ढोल?" ओवीनं भीत भीत विचारलं.

"काड," संगमेश म्हणाला. "मेंढरं बी आणली हुती मी. पळणारी. ती..." त्यानं मोबाइल खिशात सारला. "ऱ्हाऊ द्या."

"बघू," ज्ञानबा म्हणाला. त्यानं मेंढरं बघितली. दोनदा. "ऑर्डर दिल्यावर पळू देत," तो म्हणाला. "माल निघाला असं वाटंल." ओवीला ते खरंच पटलं, तिनं वहीत लिहून घेतलं.

मग संगमेशनं मोबाइल उघडला आणि न विचारता स्वतःहून नवा ओटीपी मागवला. आकडे आले. "लिहून घे," तो म्हणाला, आणि एकेक आकडा सावकाश सांगितला. दुर्गा त्याच्या शेजारी येऊन बसली होती. शेवटचा आकडा त्यानं दोनदा सांगितला; का, ते फक्त तिलाच कळलं.

"आता फोन नंबर कुणाकुणाचे?" ओवीनं विचारलं. "दाबला की लागेल असं केलंय. आईचा आहेच."

"कर्नाटकातनं फोन येतात त्यांचं मला काय कळत न्हाय," विजयमाला म्हणाली. "कन्नड बोलायला दुसरा नंबर लागतोय." आणि तिनं सासऱ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"तुमचा घाला," ज्ञानबा म्हणाला. "नावासकट. मी सांगतोय."

संगमेश लॅपटॉपकडं झुकला. बोटं अक्षरांवर ठेवली. प्रेसची सवय, हात थांबला. "मामा, नावाच्या आदी काय लावू? श्री. का..."

बाहेरच्या जावयाला श्री. लावतात. घरातल्या पोराला चि. एवढं ज्ञानबालाही कळत होतं. त्यानं मिशी चोळली. एवढ्या सगळ्यांच्या देखत एकदम बोलायचं म्हणजे त्याला जडच गेलं. "आदी जेवा," तो म्हणाला. "मग सांगतो."

पुन्हा पानं मांडली. तूप पुन्हा गरम केलं. अनारशांचं ताट मायाक्कानं पुन्हा उचलून जावयाच्या हातात दिलं, दिवा अजून जळत होता आणि या वेळी काही वाजलं नाही. ओवीनं संगमेशचा नंबर घातला, नावाची जागा कोरी ठेवली, आणि साइट उघडून मोबाइल आजीच्या हातात दिला. "आजी, समज तू कर्नाटकातली आहेस आणि तुला घोंगडं हवंय. काय करशील?"

"काय करू, फोन लावीन," मायाक्का म्हणाली, आणि डोळ्यांजवळ धरून जिथं हिरवं दिसलं तिथं अंगठा दाबला.

पहिल्याच फटक्यात लागला. समोर बसलेल्या संगमेशचा खिसा वाजला. त्याच्या तोंडात धोंडा होता. तो कसाबसा गिळून त्यानं मोबाइल कानाला लावला, सवयीनं पाठ ताठ केली.

"नमस्कार. ज्ञानबा लवटे घोंगडीवाले, बोला."

"कोण बोलतंय?" मायाक्कानं त्याच्याकडंच बघत फोनमध्ये विचारलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

संगमेशनं ज्ञानबाकडं पाहिलं.

"ओवे," ज्ञानबा पानावरूनच मोठ्यानं म्हणाला, एवढ्या मोठ्यानं की दोन्ही फोनांतून ऐकू आलं, "लिही. चि. संगमेश."

वेबसाइटवर नावाआधी चि. कुणी लावत नाही हे सांगायला ओवीनं तोंड उघडलंच होतं. विजयमालेनं तिच्या पानात आणखी एक धोंडा वाढला, आणि वर तूप.